नगरसेवकाला लावलेला नियम स्वतःलाही लावा: वकील आमदार-खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेतील सर्व वकील सदस्य,
तसेच महाराष्ट्रातून संसदेत गेलेले वकील खासदार

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दिवाणी दावे, जमिनीच्या वादातली अपिले, भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणे, असे माझे रोजचे काम. तुमच्यापैकी काही जण कधी ना कधी माझ्या समोरच्या बाजूने उभे राहिले आहेत, काहींचे जुने ज्युनिअर आज माझे मित्र आहेत. कोणत्याही पक्षाशी माझे देणेघेणे नाही. सत्ताधारी बाकांवरच्या वकिलाला जे सांगायचे, तेच विरोधी बाकांवरच्यालाही सांगायचे आहे.

मागणी आधीच मांडतो. वीस पाने अर्ज आणि विनंती शेवटच्या चार ओळींत, ही आपल्या धंद्याची खोड इथे नको. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा तुमच्याच सभागृहांनी केलेला आहे. त्याचे कलम ४४ काढून वाचा. नगरसेवक परिषदेच्या बाजूने किंवा परिषदेविरुद्ध एखाद्या प्रकरणात व्यावसायिक नात्याने गुंतला, तर तो पदावर राहायला अपात्र ठरतो. ज्या विषयात आपण कोणाच्या वतीने धंद्याने गुंतलेलो आहोत, त्या विषयाच्या बाजूने त्याने मत दिले, तरीही तो अपात्र ठरतो. म्हणजे दहा-वीस हजार वस्तीच्या गावचा नगरसेवक वकील असेल, तर त्याला नगरपरिषदेविरुद्ध घरपट्टीचा साधा दावाही चालवता येत नाही. त्याच गावचा आमदार वकील असेल, तर तो राज्य सरकारविरुद्ध कोट्यवधींच्या मोबदल्याचा दावा चालवू शकतो, सरकारी महामंडळाचे वकीलपत्र घेऊ शकतो, आणि संध्याकाळी सभागृहात जाऊन त्याच खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर मतही देऊ शकतो.

नगरसेवकासाठी तुम्ही जे शहाणपण दाखवले ते स्वतःलाही लावून घ्या, एवढीच माझी मागणी आहे. तपशील पुढे देतो.

वकिली सोडा, असे मी म्हणत नाही, हे आत्ताच स्पष्ट करतो. तसे म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचा राग मला कळतो. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलात नियुक्त सदस्य होते, १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, आणि त्या वर्षांत मुंबईत त्यांची वकिलीही चालू होती. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेबच उभे राहिले. खटला हरले. लैंगिक प्रश्नांवर लोकांना उत्तरे मिळाली पाहिजेत, ही बाजू त्या काळात कोर्टात कोणी मांडणे हेच मोठे होते. त्यात कौन्सिलच्या सदस्यत्वाचा कोणाला काय त्रास झाला? काहीही नाही, उलट अशा माणसाच्या हातात पुढे राज्यघटनेचा मसुदा गेला हे आपले भाग्य. बॅरिस्टर नाथ पै यांचेही तसेच. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवण्यासाठी त्यांनी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच साधले. पहिल्या लोकसभेत साधारण एक तृतीयांश सदस्य वकील होते. आज ते प्रमाण एक आकडी टक्क्यांवर आले आहे, आणि विधेयके ज्या वेगाने, ज्या भाषेत आणि ज्या चुकांसह मंजूर होतात ती पाहिली की मला ते प्रमाण वाढावेसे वाटते. कलम वाचता येणारी माणसे सभागृहात हवीत. प्रश्न त्यांच्या वकीलपत्रांचा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते. २५ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेवर निकाल दिला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड यांच्या पीठापुढे प्रश्न होता, की आमदार-खासदारांना पदावर असेपर्यंत वकिली करण्यास मनाई करावी का. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमावलीतला नियम ४९ सांगतो, की वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये. न्यायालयाने म्हटले, लोकप्रतिनिधी हा सरकारचा नोकर नाही. त्याला तिजोरीतून वेतन मिळते म्हणून मालक-नोकर हे नाते तयार होत नाही. आणि आमदार-खासदारांना मनाई करणारा नियम बार कौन्सिलने केलेलाच नाही. कायदा म्हणून निकाल बरोबर आहे. मी न्यायाधीश असतो तरी वेगळे काही लिहिले नसते. पण तुमच्यापैकी कित्येक जण त्या निकालाचा अर्थ ‘आमचे चालले आहे ते योग्य आहे’ असा घेतात. न्यायालय फक्त एवढेच म्हणाले आहे, की तुम्हाला अडवणारा नियम आज पुस्तकात नाही. नियम का नाही, हा प्रश्न बार कौन्सिलला आणि तुम्हालाच विचारायचा.

याच न्यायालयाने १९९६ मध्ये डॉ. हनीराज चुलानी विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या प्रकरणात काय ठरवले तेही आठवा. डॉक्टरी चालू ठेवून वकिलीची सनद मागणाऱ्या डॉक्टरांना ती नाकारली गेली, आणि न्यायालयाने ते उचलून धरले. कारण दिले, की वकिलीला पूर्ण वेळ आणि पूर्ण लक्ष लागते; दोन्ही धंद्यांना एकाच माणसाकडून न्याय मिळणार नाही. वैद्यकी आणि वकिली एकत्र चालत नाहीत, पण तीन लाख मतदारांची आमदारकी आणि वकिली मात्र बिनघोर चालते. दोन निकाल कायद्याने एकमेकांना छेदत नाहीत, हे मलाही समजते. तरी शेजारी शेजारी ठेवून वाचले की विचित्र वाटते एवढे तर मान्य करा.

वेळेचा विषय निघालाच आहे तर तो उरकून घेतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १७ नियम १ आहे. पक्षाचा वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेला आहे, हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. दुसऱ्या सभागृहात गुंतलेला असल्याबद्दल संहिता काहीच म्हणत नाही. म्हणून डिसेंबरात, नागपूरचे अधिवेशन सुरू झाले की आमच्याकडे एक ठरलेला प्रकार घडतो. पुकारा होतो, काळ्या कोटातला एक तरुण उठतो, हातात वकीलपत्राची झेरॉक्स, आणि म्हणतो, “सर, साहेब अधिवेशनात आहेत.” बस्स. न्यायाधीश मान हलवतात, रोजनाम्यात ‘विनंतीवरून तहकूब’ असे येते, पुढची तारीख जानेवारीची पडते. समोरचा पक्षकार सकाळच्या एसटीने आलेला असतो. तो माझ्याकडे बघतो, मी फायलीकडे बघतो. आमच्या बाजूच्या वकिलाला घरी लग्न असले तरी कोर्ट खर्चाचा आदेश करते, पण अधिवेशनाचे नाव घेतले की कोणी काही बोलत नाही. आणि गंमत अशी, की तुमच्यातल्या नामवंत मंडळींची गैरहजेरी उलट्या दिशेनेही असते. खासदाराचे वेतन आज महिना १ लाख २४ हजार रुपये आहे. मोठ्या वरिष्ठ वकिलाची एका तारखेची फी त्याहून जास्त असते, हे बार रूममधल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. सभागृहात महत्त्वाचे विधेयक आणि कोर्टात महत्त्वाची तारीख एकाच दिवशी आली, तर माणूस कुठे जाईल?

पण वेळ हा लहान मुद्दा आहे. गैरहजेरी लोकांना दिसते, मतदार पाच वर्षांनी तिचा हिशेब करू शकतात. जे दिसत नाही त्याबद्दल मला लिहायचे आहे.

आपल्या राज्यात मंत्री नुसता कारभार पाहत नाहीत, ते न्यायनिवाडाही करतात. बाहेरच्या राज्यातल्या वकील मित्रांना हे सांगितले की कधी कधी त्यांना पटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५७ खाली राज्य शासन खालच्या महसूल अधिकाऱ्याचे आदेश तपासू शकते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ खाली सहकार खात्यातले आदेश. ‘राज्य शासन’ म्हणजे प्रत्यक्षात मंत्री किंवा राज्यमंत्री. त्यांच्या दालनात सुनावणी लागते, बोर्ड लागतो, दोन्ही बाजूंचे वकील युक्तिवाद करतात, स्थगिती मिळते किंवा मिळत नाही. फेरफार नोंद, वतनाची जमीन, एखाद्या सोसायटीची निवडणूक, बाजार समितीचे संचालक मंडळ, असे विषय. पैशांत मोजले तर कित्येक दिवाणी दाव्यांपेक्षा मोठे.

अशा एका सुनावणीला मी माझ्या अशिलाला घेऊन गेलो होतो. अशील शेतकरी, गावातून पहिल्यांदाच इतक्या लांब आलेला. आम्ही दोन तास बाहेरच्या बाकावर बसून होतो. समोरच्या बाजूचे वकील सत्ताधारी पक्षाचे आमदार होते. ते आले, बाकावर बसले नाहीत, खासगी सचिवांनी दार उघडले आणि ते थेट आत गेले. वीस मिनिटांनी आमचा पुकारा झाला. आत गेलो तेव्हा मंत्री आणि आमदार सोफ्यावर शेजारी बसून मतदारसंघातल्या एका पुलाच्या कामाबद्दल बोलत होते. आमदारसाहेब उठले, समोरच्या खुर्चीवर येऊन बसले, कोटाचे बटण लावले आणि वकील झाले. माझा युक्तिवाद झाला, त्यांचा झाला. मंत्र्यांनी मला व्यवस्थित ऐकून घेतले, हे प्रामाणिकपणे सांगतो. निकाल आमच्या विरुद्ध गेला.

तो निकाल कदाचित कायद्यानेही तसाच यायला हवा होता. माझी बाजू कागदावर फार भक्कम नव्हती. पण जिना उतरताना अशील मला म्हणाला, “वकीलसाहेब, तुम्ही आता आमदार व्हा, मग परत अर्ज करू.” त्याने ते उपहासानेही म्हटले नव्हते. त्याला तो व्यवहारी सल्ला वाटला होता.

न्यायालयात निदान न्यायाधीशाला आमदाराच्या मताची गरज नसते. मंत्र्याला ती असते. सरकार टिकते ते त्या मतांवर. ज्याच्या हात वर करण्यावर न्यायनिवाडा करणाऱ्याची खुर्ची अवलंबून आहे, तोच समोर फी घेऊन उभा आहे, हे दृश्य कोणत्याही न्यायतत्त्वात बसत नाही. वकिलाने जवळच्या नातेवाइकापुढे काम चालवू नये, असा आपल्या नियमावलीत नियम आहे. सख्ख्या भावापुढे उभे राहायला मनाई. ज्याचे मंत्रिपद आपण टिकवतो त्याच्यापुढे उभे राहायला मनाई नाही. विरोधी पक्षाच्या आमदाराने मंत्र्यापुढे उभे राहणेही मला तितकेच अडचणीचे वाटते. तिथे सौदा वेगळ्या प्रकारचा असू शकतो: एखादी लक्षवेधी मागे घेणे, एखादा तारांकित प्रश्न न विचारणे. असे घडतेच असा माझा आरोप नाही. पण घडले तर कोणाला कळणार, हे मात्र विचारतो.

भूसंपादनाचेही असेच. रस्ता कुठून जाणार, कोणते गट नंबर जाणार, याच्या बैठकांना आमदार हजर असतात. त्यांनी असायलाही हवे. पुढे त्याच गावांतून वाढीव मोबदल्याचे दावे दाखल होतात आणि वकीलपत्रांवर आमदारांच्या कार्यालयाचा शिक्का दिसतो. मोबदला राज्याच्या तिजोरीतून जातो. तिजोरीच्या किल्लीवर आमदाराचे मत असते. टक्केवारीवर फी घ्यायला आपल्या नियमांत मनाई आहे, त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही, कारण तो रोग फक्त आमदारांचा नाही.

फौजदारी कामांबद्दल एकच वाक्य: ज्या ठाण्याच्या निरीक्षकाच्या बदलीसाठी तुमचे शिफारसपत्र चालते, त्या ठाण्यातल्या गुन्ह्यात फी घेऊन आरोपीचा जामीन मागायला तुम्ही स्वतः उभे राहू नका.

आता एक बारीक गोष्ट, पण मला ती फार बोलकी वाटते. बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरातीवर बंदी घालतो, आणि पाटीबद्दलही बोलतो. वकिलाची पाटी माफक आकाराची हवी. तीवर किंवा लेटरहेडवर आपण बार कौन्सिलचे किंवा एखाद्या संघटनेचे सदस्य आहोत किंवा होतो, न्यायाधीश होतो, महाधिवक्ता होतो, एखाद्या व्यक्तीशी वा संस्थेशी संबंधित आहोत, यातले काही लिहायचे नाही. निवृत्त न्यायमूर्तींनाही पाटीवर तसे लिहिता येत नाही. आता आपापल्या कार्यालयाच्या दारावरची पाटी आठवा. ‘ॲड. अमुक तमुक, आमदार’, बाजूला पक्षाचे चिन्ह, वर नेत्यांचे फोटो, आणि खाली ‘कायदेविषयक सल्ल्यासाठी भेटा, सोमवार ते शनिवार’. दारातून आत येणारा माणूस नेमके काय विकत घेतो आहे, वकिलाची बुद्धी की आमदाराचे वजन? त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही, आणि बहुतेक वेळा तुम्हालाही.

सभागृहातल्या कामाबद्दल. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या उपखंडापर्यंत येतो. आयझॅक बट हे आयरिश बॅरिस्टर ब्रिटिश कॉमन्स सभागृहात खासदार होते. सिंधमधल्या खैरपूरचे मीर अली मुराद यांचे गाऱ्हाणे संसदेत मांडण्यासाठी त्यांनी पैसे घेतल्याचा आरोप झाला. समितीने चौकशी केली आणि भ्रष्टाचाराच्या आरोपातून त्यांना मोकळे केले. पण त्याच वर्षी, १८५८ मध्ये, कॉमन्सने ठराव केला: ज्या कामासाठी सदस्याने फी किंवा मोबदला घेतला आहे ते काम त्याने सभागृहात पुढे रेटणे हे सभागृहाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. दीडशेहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेत तर १९८९ च्या कायद्यापासून प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला पैसे घेऊन वकिली करताच येत नाही.

आपल्याकडे राज्यसभेत नियम २९३ खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे, तीत ‘व्यावसायिक काम’ हा स्वतंत्र रकाना आहे; आणि नियम २९४ सांगतो, की विषयात वैयक्तिक आर्थिक हितसंबंध असेल तर बोलण्याआधी तो जाहीर करा. चांगले नियम आहेत. लोकसभेत अशी नोंदवहीच नाही. मतदानाला हितसंबंधाच्या कारणावरून हरकत घेता येते, पण ज्याचे हितसंबंध कुठे लिहिलेलेच नाहीत त्याच्या मताला हरकत कोण आणि कशाच्या जोरावर घेणार?

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९अ तुम्हाला माहीत आहेच. सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा चालू करार असेल तर सदस्य अपात्र होतो. रस्त्याची खडी पुरवणारा गेला. त्याच रस्त्याच्या वादात सरकारी महामंडळाकडून फी घेणारा वकील मात्र राहिला, कारण वकिली हा ‘माल’ नाही आणि ‘काम’ही नाही. लाभाच्या पदाचेही, म्हणजे सदस्याला अपात्र ठरवणाऱ्या सरकारी कमाईच्या पदाचेही, तेच. कांता कथुरिया या राजस्थानातल्या वकील सरकारच्या विशेष वकील असताना १९६७ ची निवडणूक जिंकल्या. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात अपील चालू असतानाच राजस्थान विधानसभेने मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा करून ती अपात्रताच काढून टाकली, आणि न्यायालयानेही बहुमताने ठरवले की ते लाभाचे पदच नव्हते. स्वतःच्या सदस्याला वाचवायचे असेल तर सभागृहे किती चपळ होतात, याचा हा नमुना.

याउलट घटनेचा अनुच्छेद १७७ पाहा. राज्याचा महाधिवक्ता विधानसभेत येऊ शकतो, बोलू शकतो, समितीत बसू शकतो. मत देऊ शकत नाही. घटना लिहिणाऱ्यांमध्ये वकिलांची रेलचेल होती. सरकारचे वकीलपत्र आणि सभागृहातले मत एका हातात नको, हे त्यांना सुचले होते. उलट दिशेने, म्हणजे मत ज्याच्या हातात आहे त्याने वकीलपत्र घेऊ नये, हे लिहायचे राहून गेले. कदाचित त्यांना ते लिहिण्याची गरज वाटली नसावी.

तुमच्या हरकती मला अंदाजाने ठाऊक आहेत. सगळ्यात वजनदार हरकत अशी: विरोधी पक्षाचा आमदार सरकारविरुद्ध कोर्टात गेलाच नाही तर लोकांच्या बाजूने कोण जाणार? बेकायदा अटक, मोर्चातले गुन्हे, झोपड्या पाडणे, या कामांत सरकारविरुद्ध उभे राहणे हे लोकप्रतिनिधीचेच काम आहे, आणि ते करणारे वकील आमदार आहेत म्हणून कित्येक माणसे सुटली आहेत. मान्य. म्हणून सभागृहाच्या नियमांसाठी मी केलेल्या मसुद्यात हेबियस कॉर्पस (बेकायदा कोठडीतून सोडवण्याचा अर्ज), जामीन आणि जनहित याचिका वगळल्या आहेत. अट एकच, फी घ्यायची नाही आणि वकीलपत्र सभागृहाच्या नोंदवहीत लिहायचे. कर्व्यांचा खटला बाबासाहेबांनी आज चालवला असता तर माझा नियम त्यांच्या आड आला नसता.

राजकीय प्रकरणांचाही प्रश्न येतो. शिवसेनेतल्या फुटीचा खटला २०२३ मध्ये घटनापीठापुढे चालला तेव्हा कपिल सिब्बल आणि अभिषेक मनू सिंघवी एका बाजूला होते, महेश जेठमलानी दुसऱ्या बाजूला. तिघेही त्या वेळी राज्यसभेचे सदस्य. आमदारांनी पक्ष कसा सोडावा याचा कायदा खासदार एकमेकांविरुद्ध मांडत होते. ते खटकणारे असले तरी घातक नव्हते: कोण कोणासाठी उभा आहे हे सगळ्या देशाने थेट प्रक्षेपणात पाहिले. उघड्यावर चाललेल्या गोष्टीला मी फारसा घाबरत नाही.

दुसरी हरकत गोपनीयतेची. अशिलाने वकिलाला काय सांगितले ते गुप्त राहिले पाहिजे, भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ आहेच. पण अशिलाचे नाव गुप्त नसते. वकीलपत्र कोर्टात दाखल होते, ई-कोर्ट्सवर पक्षकाराचे आणि वकिलाचे नाव कोणालाही दिसते. तेच एका यादीत आणून सभागृहाच्या संकेतस्थळावर ठेवायचे आहे. कोर्टाबाहेरच्या सल्ल्याच्या कामात नाव द्यायचे नसेल तर क्षेत्र द्या: साखर, बांधकाम, शिक्षण संस्था, वाळू. तेवढे पुरे.

पोटापाण्याचाही प्रश्न उपस्थित होईल. निवडणूक हरली तर परत कोर्टातच यायचे आहे, पाच वर्षे धंदा बंद ठेवला तर अशील राहणार नाहीत. ही अडचण खरी आहे आणि तिच्यासाठीच मी पूर्ण बंदी मागत नाही. खासगी माणसांतले दावे, वारसाहक्क, भागीदारीचे वाद, धनादेशाची प्रकरणे, कंपन्यांची लवादे, हे सगळे खुले आहे. राज्य सरकार, त्याची महामंडळे, स्थानिक स्वराज्य संस्था आणि मंत्र्यांपुढची सुनावणी, एवढेच बाजूला ठेवायचे.

एक तांत्रिक अडचण तुमच्या आधी मीच सांगतो. अनुच्छेद १९१ प्रमाणे आमदाराची नवी अपात्रता फक्त संसदच ठरवू शकते. नगरसेवकाचे पद जसे तुम्ही कलम ४४ ने काढता तसे स्वतःचे पद राज्याच्या कायद्याने काढता येणार नाही. म्हणून दोन वाटा. आमदारांनी अनुच्छेद २०८ खाली, नियम समितीमार्फत, सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांत आचारसंहिता आणि नोंदवही आणावी. भंग झाला तर सभागृह सदस्याला समज देऊ शकते, निलंबितही करू शकते. खासदारांनी कलम ९अ मध्ये दुरुस्ती मागावी. अशासकीय विधेयकाच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाच्या, भरवशावर राहू नका. १९७० नंतर संसदेत एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही, आणि शेवटचे झालेले विधेयकही आनंद नारायण मुल्ला या माजी न्यायमूर्तींचे होते. सरकारकडून आणवून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाला स्वतंत्रपणे नियम करता येतो, तिच्याकडे मी वेगळे निवेदन पाठवत आहे.

नियम समितीसाठी सहा कलमांचा मराठी मसुदा तयार आहे. दोन पानांत बसतो. तुमच्यापैकी कोणाही एकाने पुढच्या अधिवेशनाआधी कळवले तर टंकलिखित प्रत पोहोचती करतो. दुरुस्त्या सुचवल्यात तर त्याही करून देईन. विधेयके तपासून देण्याचे मानधन वकिलाने घ्यायला हरकत नाही, असे आपल्याच नियमावलीचा नियम ५१ सांगतो. या कामाचे मी घेणार नाही.

आपला,
जिल्हा न्यायालयातील एक वकील